पोटमाळ्यावरचं गृहीतक

साप मी पाहिला नव्हता. मी फक्त त्याचं नाव घेतलं होतं, आणि तेही शिक्षणाला हातभार म्हणून. पुढं जे रामायण झालं त्यात माझा दोष एवढाच, की ते नाव मी जरा मोठ्यानं आणि अभिमानानं घेतलं.

मी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. उमरगा आणि आसपासच्या गावांतले तराजू तपासण्यात माझी हयात गेली. दांडी मारणारा तराजू मला दुकानाच्या पायरीवरून ओळखू यायचा. दुकानदार चहा मागवायच्या घाईत असला की समजायचं. पण इतरांच्या दांड्या तपासणाऱ्या माणसाच्या डोक्याची दांडी सरळ आहे का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. ते काम माझ्या पुतणीनं केलं.

पुतणी म्हणजे निकिता. ती मानसशास्त्रात एम.ए. करते. त्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला ती आली तेव्हा मी उंदरांच्या पिंजऱ्यात भाकरीचा ताजा तुकडा अडकवत होतो. उन्हाळ्यात उंदरांनी ज्वारीच्या पोत्यांची चाळण केली होती. मी पिंजरा आणला आणि काय सांगू, उंदीर गायब! एकही पिंजऱ्यात सापडला नाही. नुसता पिंजरा पाहूनच त्यांनी धसका घेतला, असं मी गल्लीत सांगत असे. शासकीय नोकरीत राहिलेल्या माणसाचा दरारा वस्तूंनाही लागतो.

"काका, मला वर्गात बोलायचंय," निकिता म्हणाली. "विषय आहे बोधनिक दृष्टिकोनाची मूलभूत गृहीतकं."

गृहीतक म्हणजे जे सिद्ध न करता धरून चालायचं ते. आमच्या खात्यात त्याला गुन्हा म्हणत.

"म्हणजे असं बघा," ती म्हणाली, "आधीचे लोक म्हणायचे, माणसाला टाचणी टोचली की तो ओरडतो, तेवढंच बघा. टोचणं हे उद्दीपक, ओरडणं हा प्रतिसाद. मधलं काही दिसत नाही, ते सोडून द्या. आमचे लोक म्हणतात, खरी गंमत मधेच आहे. बाहेरून माहिती आत जाते, आत तिच्यावर काम होतं, मग काहीतरी बाहेर येतं. कॉम्प्युटरसारखं."

"गिरणीसारखं म्हण की."

"हां, गिरणीसारखं. आणि आत आधीपासून काय साठलंय त्यावर बाहेर काय येणार ते ठरतं."

हे मला लगेच पटलं. आपल्या आधी कुणी बाजरी दळून गेलेलं असलं की आपल्या गव्हाचं पीठ करडं येतं, आणि गिरणीवाला आपल्यालाच विचारतो, गहू कुठून आणला?

"पण आतलं दिसत नाही, तर तपासता कसं?" मी विचारलं. प्रश्न खात्याचा होता.

"बाहेर जे येतं त्यावरून. पीठ करडं आलं ना, मग आत आधी काहीतरी होतं. दिसलं नाही तरी अनुमान काढायचं, आणि मग तपासून बघायचं."

मग तिनं मला प्रयोगाला बसवलं. प्रयोग करणारा तो प्रयोगकर्ता आणि ज्याच्यावर होतो तो प्रयुक्त, असं त्यांच्या शास्त्रात म्हणतात. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर मी प्रयुक्त झालो. ती शब्द वाचणार, मी ऐकणार, आणि नंतर आठवतील तेवढे सांगणार. माझी बायको द्वारका स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं घेऊन उभी होती.

निकितानं वाचलं: वारूळ, फणा, कात, बीळ, विष, पुंगी, मुंगूस, लाह्या, दंश, गारुडी. आणखीही होते. मी डोळे मिटून घेतले. मग सुरू झालो. वारूळ आलं, पुंगी आली, मुंगूस आलं. मग मी अडकलो. आणि एकदम दिवा लागावा तसा शब्द सापडला, आणि मी ओरडलो, "साप!"

स्वयंपाकघरात पातेलं पडलं.

आमच्याकडं दिवे लागल्यावर त्याचं नाव घेत नाहीत. लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात, फारच जवळीक असेल तर भाऊसुद्धा म्हणतात. पण नाव घेतलं की ते येतं. द्वारका ढोकीजवळची, उसाच्या फडात वाढलेली. तिथं लांबडं म्हणजे रोजचा शेजारी. असल्या बाईच्या हातून नुसत्या शब्दानं पातेलं पडावं याचं मला नवल वाटलं. वय झालं, असं मी मनात म्हटलं. अलीकडं ती भाजी निवडायलाही दिवाणावर पाय वर घेऊन बसायची. गुडघे धरतात म्हणायची.

"वा काका, बरोब्बर चुकलात!" निकितानं टाळ्या वाजवल्या. "साप मी म्हटलेलाच नाही!"

"म्हटलास."

"नाही म्हटला. सगळे शब्द त्याच्या भोवतीचे होते. मधला तुम्ही आतून घातलात."

"आई तुळजाभवानीची शपथ, मी या कानांनी ऐकला!"

त्यावर ती पोरगी इतकी खूश झाली, की मला भीती वाटायला लागली. सापाची नव्हे. इतकी वर्षं मी जे जे या कानांनी ऐकलं, त्यात आतून घातलेलं किती होतं, याची.

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवर शेजारच्या सिद्धलिंगअप्पांचं डोकं उगवलं. अप्पा एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. इंजिनाशेजारी बसून बसून त्यांचे कान गेले, पण सापाचं नाव त्यांना भिंतीपलीकडून ऐकू गेलं होतं. हातात काठी होती.

"कुठं निघालं हो सायेब?"

"कुठं नाही अप्पा. साप घरात नाही. डोक्यात आहे!"

"डोक्यावर?"

"डोक्यात!"

"हौ की, डोक्यावर म्हंजी माळ्यावर." अप्पांनी आमच्या न्हाणीघराकडं बोट केलं. द्वारकेनं दचकून न्हाणीघरावरच्या पोटमाळ्याकडं पाहिलं. ते अप्पांनी पाहिलं. संपलं. पोटमाळ्यावर साप निघाला हे आता दोन साक्षीदारांनिशी ठरलं होतं.

सकाळी गल्ली दारात होती. मी लांबीच्या मापांत आयुष्य काढलं आहे, पण इतक्या वेगानं वाढणारी वस्तू पाहिली नव्हती. अप्पांच्या सांगण्यात तो हातभर होता. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं तो पुरुषभर केला. दूध घालायला आलेल्या बानूबाईंनी तर मागच्या नागपंचमीलाच त्याला आमच्या गच्चीवर पाहिलं होतं.

"आवं, केस हुते त्याच्या डोस्क्यावर," बानूबाई म्हणाल्या.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तवा मला वाटलं, तुमीच हाव."

सल्ले सुरू झाले. एकानं लसूण आणि हिंग ठेचून प्रत्येक दारात शिंपडायला सांगितलं. दुसऱ्यानं मोरपीस. तिसऱ्यानं फिनेल. अप्पा म्हणाले, तिन्ही करा, त्याला कशाचा राग येतो हे कुणाला माहीत. तीन दिवसांत आमच्या घराला असा वास आला, की पाहुणे येईनासे झाले. ही एक गोष्ट त्यातल्या त्यात बरी झाली.

पण खरं सांगतो, मला भीती वाटायला लागली होती. साप नाही हे मला गल्लीत सगळ्यांपेक्षा पक्कं माहीत होतं. त्याचा जन्म माझ्याच तोंडातून झाला होता. तरी पहाटे उठल्यावर पाय खाली टाकवत नसे. मोबाइलच्या चार्जरची वायर बघून छातीत धस्स व्हायचं. पायजम्याची नाडी मी हल्ली दोनदा निरखून मगच ओढत असे. आणि न्हाणीघरात शिरायचं म्हणजे आधी दार वाजवायचं, जणू आत वरिष्ठ अधिकारी आहेत. भीतीची सगळ्यात वाईट गोष्ट ही, की ती आपल्याला ओळखते आणि आपलं म्हणणं ऐकत नाही.

शेवटी जे व्हायचं ते झालं. एका सकाळी तोंडाला साबण लावलेला असताना माझ्या पाठीला काहीतरी गार, लांब आणि हलणारं लागलं. मी बाहेर आलो. किती बाहेर आलो, हे मला अप्पांच्या अंगणात गेल्यावर कळलं.

तो गीझरचा पाइप होता.

संध्याकाळी निकिता वही घेऊन आली. "काका, किती छान उदाहरण! पाइप लागणं हे उद्दीपक. पळणं हा प्रतिसाद. मधे काय झालं ते सांगा."

"मधे टॉवेल सुटला," मी म्हणालो.

आता कायदेशीर मार्गानं जायचं ठरवलं. आमच्या घराशेजारी एक मोकळा प्लॉट आहे. त्यात वेडी बाभूळ माजली आहे. ती काढली तर गल्लीचं समाधान होईल म्हणून मी एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "साप आहे का?" मी म्हणालो, "असावा असं लोक म्हणतात." ते म्हणाले, "असावा याच्यावर कारवाई होत नाही. आहे असं लिहून द्या." मी म्हणालो, "पाहिला नाही तर कसं लिहू?" ते म्हणाले, "मग पाहून या." मी दुसऱ्या कचेरीत गेलो. तिथं म्हणाले, घरातला साप त्यांच्याकडं येत नाही, रानातला येतो. घरातला साप रानात गेला की कळवा. दोन्ही उत्तरं नियमाला धरून होती. मीही त्या जागेवर असतो तर हेच सांगितलं असतं, आणि घरी जाऊन शांत झोपलो असतो.

मग अप्पांनी सर्पमित्र आणला. बसवेश त्याचं नाव. आल्या आल्या त्यानं आधी मोबाइल खिडकीत उभा केला, केस नीट केले, आणि मगच काठी हातात घेतली. "नमस्कार मित्रांनो," तो खिडकीला म्हणाला, "आज आपण वजनमापे सायबांच्या घरी आलोय. सायेब लई भ्यालेत."

"मी भ्यालेलो नाही," मी मोबाइलला म्हणालो.

"बघा मित्रांनो, आवाज कसा कापायलाय."

त्यानं घर उपसलं. पोटमाळ्यावर चढला, तेव्हा एका कोपऱ्यात माझा जुना लाकडी खोका होता. त्यात निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेला पितळी तराजू आणि वजनं. बसवेश खोक्याला हात घालणार, तोच खालून द्वारका कडाडली, "त्याला हात लावायचा नाही! ह्यांची तोलणी आहेत ती. आयुष्याची कमाई आहे माणसाची."

मला भरून आलं. संसारात इतकी वर्षं मी या बाईला माझ्या कामाचं काही वाटत नाही असं समजत आलो होतो. माणसाला जवळचं माणूस कळत नाही ते असं.

बसवेश खाली उतरला. "हाय सायेब. पण घावत न्हाय. धामण असंल तर सोडून द्या. इखारी नसती ती. गुमान पडून ऱ्हाती, आपल्या कामाची असती."

"आणि धामण नसली तर?"

"तर मग न्हाय," तो म्हणाला, आणि खिडकीतल्या मित्रांचा निरोप घेतला.

ते चित्रण पुण्याला पोचलं. आमचा मुलगा मल्हार तिथं सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो गाडी काढून दाराशी हजर झाला, आणि आल्यापासून माझ्याशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला.

"बाबा. आज. वार. कोणता?"

"तू रजा टाकून आलास म्हणजे रविवार नसावा."

तो आईकडं वळला. "आई, सरळ हिशोब आहे. साप असेल तर या घरात राहणं धोक्याचं. नसेल तर बाबांना नसलेलं दिसतंय, ते त्याहून धोक्याचं. दोन्हीकडून उत्तर पुणंच येतं. उद्या निघू. घराला कुलूप लावू."

त्याच्या तर्काला मला फट सापडेना. आणि मग मला जी भीती वाटली, तिच्यापुढं साप म्हणजे पायजम्याची नाडी होती. पुण्याला आम्ही मागं एकदा राहून आलो आहोत. नववा मजला. मी रोज फिरून आलो की फाटकावरचा वॉचमन विचारायचा, "कुणाकडं जायचंय?" सून चांगली, नातवंडं गोड, सगळं खरं. पण मुलाच्या घरी राहून मी रोज पाहुणा म्हणून नोंदला जात होतो. द्वारका गॅलरीत खुर्ची टाकून खाली बघत बसायची. काही बोलायची नाही. तिच्या न बोलण्याला मी समाधान समजायचो.

बॅगा बाहेर निघाल्या. द्वारका मुकाट्यानं साड्यांच्या घड्या घालत होती. मी खुर्चीत बसलो. खरंच माझी दांडी गेली असेल तर? तराजूला कधी कळतं का, आपण खोटं दाखवतोय ते?

तेवढ्यात निकिता आली. वर्गातलं भाषण कसं झालं ते सांगायला. बॅगा बघून ती थबकली. मी तिला बाजूला घेतलं. "पोरी, तुझा तो शब्दांचा प्रयोग. मल्हारवर कर. आत्ता."

मल्हार हसला. "निकी, मी दिवसभर डेटाच हाताळतो."

"मग तर काय, लवकर होईल," ती म्हणाली. अप्पाही काठी टेकत आले होते, तेही बसले. तिनं कान गेलेल्या अप्पांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात वाचलं: वारूळ, फणा, कात, बीळ, पुंगी, गारुडी. सगळं तेच. बाहेर दिवे लागायला आले होते.

मल्हारनं बोटं मोजत सांगायला सुरुवात केली. फणा. विष. कात. मुंगूस. आणि मग, अगदी सहज, "साप."

"मल्हाऱ्या!" द्वारका ओरडली. "दिवे लागलेत!"

"सॉरी आई. पण होता ना तो शब्द."

"नव्हता," निकिता म्हणाली.

"होता. दुसरा का तिसरा."

"दादा, नव्हता."

"शक्यच नाही. मी ऐकला!"

असे क्षण आयुष्यात थोडे येतात. ते तोंड बंद ठेवून चघळायचे असतात.

"अप्पा, तुम्हाला काय आठवलं?" निकितानं विचारलं.

अप्पांनी डोळे मिटले. "वारूळ. पुंगी. आन् लांबडं."

निकिताच्या हातातली वही खाली आली. "लांबडं? अप्पा, हा तर कुठंच नव्हता!"

"दिवेलागणीला त्याचं नाव घ्यावं काय पोरी?" अप्पा म्हणाले. "तू म्हनलीस, पर म्या बदलून ऐकलं."

एवढ्यावर मल्हार नरमला. डोक्याचा दोष म्हणावा, तर तो त्याच्याही डोक्यात निघाला होता, आणि त्या डोक्यावर पुण्यात एक कंपनी चालत होती. बाबांचं डोकं ठीक आहे, शब्दातून साप निघाला आणि गल्लीनं तो पोसला, हे त्यानं मान्य केलं. सकाळी आईच्या पाया पडून तो एकटाच पुण्याला गेला. बॅगा पुन्हा आत गेल्या.

त्या संध्याकाळी मी मागच्या खोलीत खुर्ची टाकून निवांत बसलो. भीती गेली की घर केवढं मोठं वाटतं. समोर दिवाणावर द्वारका पाय वर घेऊन मेथी निवडत होती. खोलीच्या कोपऱ्यात ज्वारीची पोती. त्यांच्याशेजारी माझा पिंजरा. पिंजऱ्यातली भाकरी तशीच. वाळून खापरी झालेली. पोत्याला नवीन भोक नाही. जमिनीवर लेंडी नाही.

सवय वाईट. मी हिशोब करायला लागलो. पिंजरा पाहून उंदीर पळाले, हे मी आतून घातलेलं. बाहेर जे दिसत होतं ते एवढंच, की ज्वारी आहे आणि उंदीर नाहीत. पीठ करडं येतंय. मग आत काहीतरी...

मी हळूच मान वर केली. न्हाणीघराच्या दाराच्या वर, पोटमाळ्याच्या कडेला, माझ्या आयुष्याच्या कमाईच्या खोक्यामागं पिवळट तपकिरी रंगाची एक शेपटी सावकाश आत ओढली जात होती. घाई नव्हती. घरमालकासारखी.

माझे पाय जमिनीवर होते. मी द्वारकेकडं पाहिलं. ती मेथीच्या जुडीकडं बघत होती.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.

"तू... तुला..."

"धामण आहे. उन्हाळ्यापासून आहे."

"उन्हाळ्यापासून! म्हणजे मी त्या दिवशी ओरडलो तेव्हा..."

"मला वाटलं, तुम्हाला दिसली. पातेलं पडलं हातातून."

म्हणजे शब्दानं नव्हे. वयानं नव्हे. गुडघे नव्हते दुखत. आणि ती तोलणी, ती आयुष्याची कमाई! जिच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला त्या बाईच्या बाबतीत उद्दीपक आणि प्रतिसाद यांच्या मधलं सगळं मी आतूनच घातलेलं होतं.

"अगं, मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मल्हारला फोन केला असता." ती एक काडी मोडून बाजूला टाकत म्हणाली. "मग त्या गॅलरीत बसवलं असतं मला, मरेपर्यंत."

वर खोक्यात एक वजन दुसऱ्यावर घसरल्याचा बारीक आवाज झाला. पाव किलोचं असावं. भिंतीपलीकडून अप्पांची हाक आली, "सायेब, काय निघालं काय?"

मी तोंड उघडलं.

"दिवे लागलेत," द्वारका म्हणाली. "नाव घेऊ नका."

"काही नाही अप्पा," मी म्हणालो, आणि दिवाणावर तिच्याशेजारी जाऊन पाय वर घेतले.